मूठभर गाळ

आमच्या गावात 'मला पोहता येतं' असं कुणी नुसतं सांगून भागत नसे. विहिरीच्या तळाचा गाळ मुठीत धरून वर आणायचा, पायरीवर ठेवायचा, मग सांगायचं. ज्यानं गाळ आणला त्याला पुन्हा कुणी 'सांभाळून रे' म्हणत नसे. हा नियम पोरांचा. पोरींना तो लागू नव्हता, कारण तेरावं सरलं की पोरींनी विहिरीत उतरायचंच नाही.

त्या उन्हाळ्यात माझं तेरावं सरत होतं.

एका सकाळी भाकर थापता थापता मायनं सांगून टाकलं, "आखाजीपासून विहीर बंद." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली होती. मी पाय आपटले, रडले, जेवणार नाही म्हणाले. (जेवले. दोन भाकरी.) माय वर न बघता म्हणाली, "पोट्टं बुडलं त लोक म्हनतात, पोहाले गेल्तं. पोरगी बुडली त म्हनतात, विहीर जवळ केली. मले ते आयकाचं नाही."

या बोलण्यातली भीती मला कळायला स्वतःच्या लेकी व्हाव्या लागल्या. तेव्हा मला एवढंच कळलं की माय दुष्ट आहे.

मदतीला आला काका, वडिलांचा धाकटा भाऊ. तो नागपूरला शिकत होता. आमचं वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारला जोडलेलं, त्यामुळे पुढचं शिकायचं तर नागपूर गाठावं लागे, आणि तिथून सुटीत आला की काकाच्या अंगात वकील संचारलेला असे.

"वहिनी, अन् हिनं गाळ आनला त?"

"हिनं?" मायनं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा वाळल्या शेंगेसारखी होते. आमच्या मळ्यातल्या विहिरीला भर चैत्रातही दोन पुरुष खोल पाणी असे.

"आनला त पोहू द्याचं. लग्न होईस्तोवर."

"आनला त पोहू दे. पन तीनच बुड्या. मी समोर उभी राह्यीन."

माय एकदा बोलली की बोलली. म्हणजे माझं पुढचं सगळं पोहणं तीन बुड्यांवर येऊन ठेपलं.

आता खरं सांगते. मला पोहता येई ते मांजराला येतं तसं. बुडण्यापासून वाचण्यापुरतं. तळाकडे जायला निघाले की अर्ध्यातूनच पाणी मला वर फेकून देई, सुक्या भोपळ्यासारखं. आठ दिवस मी फेकली गेले. नवव्या दिवशी पायरीवर हताश बसले असताना एक बेडूक माझ्या पायाजवळून पाण्यात शिरला आणि दोन झटक्यांत दिसेनासा झाला. त्याच्या बोटांमधला पडदा मी पाहिला आणि मला वाटलं, जगात ही गोष्ट आजवर फक्त मलाच दिसली आहे.

आमच्याकडे जळगाव जामोदहून एक चाचा मोटा सांधायला येत. मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून ओढायची चामड्याची भलीमोठी पिशवी. फाटली की चाचा ती शिवत, आणि अगदीच विरली की तिचं चामडं माणसाच्या कातडीसारखं मऊ पडलेलं असे. मी त्यांच्यापुढे पाय पसरून बसले.

"चाचा, मले बेडकाचे पंजे करून द्या."

"काऊन बेटी? मानसाचे पाय बरे नाही का?"

"तळाले जाचं हाय."

ते हसले नाहीत. जुन्या मोटेचा तुकडा जमिनीवर टाकला, त्यावर माझं पाऊल ठेवून कोळशानं रेघ ओढली, आणि बोटांपुढं वीतभर जास्त ठेवून रापीनं कापलं. दोन पंजे झाले. घोट्याला बांधायला चामड्याच्या वाद्या. मला हाव सुटली. काकाच्या पुस्तकांच्या खोक्याच्या दोन पातळ फळ्या मी उचलून आणल्या, त्यांना चाचांनी आरीनं भोकं पाडली, आणि एक वादी मनगटाभोवती, एक बोटांवरून, अशा त्या माझ्या तळहातांना बसवून दिल्या.

"एक आयकजो," जाताना ते म्हणाले. "वादी भिजली का गाठ आवळते. हाताले कापडाची पट्टी बांध, झटक्यात सुटते."

कापडाची पट्टी दिसायला वाईट. मी ऐकलं नाही.

त्या दिवशी दुपारी, मोट थांबल्यावर, मी पाण्यात उतरले आणि पहिल्याच झटक्याला विहिरीच्या पलीकडच्या दगडावर डोकं आपटलं. इतकी गेले! पंज्यांनी पाणी मागे ढकललं की अंग पुढे सुटायचं. फळ्यांनी मात्र सुरुवातीला छळलं. हात जरा तिरपा पडला की फळी पाण्यात वळायची आणि खांदा पिरगाळायची. रात्री खांद्यांत विस्तव पेटायचा.

"भाकर थापताना तुहा हात काऊन कापून राह्यला वं?" माय विचारायची.

"थंडी वाजते."

"चैतात?"

काकाला माझी अवजारं फार आवडली. त्यानं नियमच घालून दिला. "एक दिवस नुसते पंजे, एक दिवस नुसत्या फळ्या, अन् तिसऱ्या दिवशी काहीच नाही. रिकाम्या दिवसाले खाडा नाही कराचा. समजलं? तोच दिवस खरा."

मी मान डोलावली. पहिल्या रिकाम्या दिवशी पाण्यात उतरले तर हात माझे राहिलेच नव्हते. बोटांतून पाणी नुसतं निसटून जाई, पाय म्हणजे दोन काड्या. काल मगर होते, आज पुन्हा भोपळा! कुणाला आवडेल? त्यानंतर रिकामा दिवस मी ठेवलाच नाही. काका झोपलेला असला की दोन्ही अवजारं एकदम बांधायची आणि सरळ तळाकडे. पाचसहा दिवसांत तळ लागला. फळी खाली टेकली की गाळ हलक्यानं दबायचा. तेवढं झालं की मी विजयी होऊन वर यायची. वीस दिवसांत वीसदा तरी तळ गाठला असेन, आणि वीसदा फक्त टेकवून आले. यात काय चुकतंय हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. शाळेत मला हुशार म्हणत.

आखाजीच्या आदल्या दिवशी भर दुपारी, ऊन सरळ विहिरीत पडत असताना, माय आली. ती कधी तिसऱ्या पायरीच्या खाली उतरत नसे. तिथंच उभी राहिली, पदराचं टोक मुठीत धरून. काका शेवटच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात. मी परकराचा काचा मारला, पंजे बांधले, फळ्या बांधल्या, रोजच्यापेक्षा घट्ट.

"हे काय सोंग?" माय म्हणाली.

"नियमात बांधू नये असं कुठं हाय?" मी म्हणाले. काकाचीच पुतणी.

"बांध. पाह्यजो मंग."

पहिली बुडी. चार झटक्यांत तळ. गाळ दिसला, ऊन त्याच्यावर हलत होतं. मी हात पुढे केला, मूठ मिटायला गेले, आणि मूठ मिटेना.

कशी मिटेल? तळहाताला फळी बांधलेली! बोटं फळीवर चपटी, वरून वादी. मी फळीनं गाळ खरवडला, तो ढगासारखा उठला आणि बसला. पुन्हा खरवडला. छातीत धडधडायला लागलं तशी वर आले, रिकामी.

"कुठाय?" काकानं विचारलं.

मी दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. त्याला एका क्षणात कळलं. मला वीस दिवसांत कळलं नव्हतं.

"सोड त्या फळ्या, लवकर."

मी दातांनी गाठ ओढली. त्यानं नखांनी ओढली. भिजलेली वादी दगडासारखी झाली होती. काका वर ओरडला, "वहिनी, थांबा जरा, झोपडीतून इळा आनतो."

माय काही बोलायच्या आत मीच बोलले. आजही कुणी मला मूर्खपणाचा अर्थ विचारला तर मी तेच वाक्य सांगेन. "कायले इळा? दोन फळ्यांत धरून आनतो मी."

दुसरी बुडी. तळाशी दोन्ही फळ्यांत गाळ दाबून धरला, चिमट्यात धरावा तसा. धरला खरा, पण आता पाणी मारायला हात उरले नाहीत. नुसत्या पंज्यांवर वर यायचं. पाय मारत राहिले, वरचा उजेड जवळ येईना. अर्ध्यात नाकात पाणी गेलं. तरी फळ्या सोडल्या नाहीत. पायरीशी पोचून काकापुढे त्या उघडल्या तेव्हा त्यांच्यातून थोडं गढूळ पाणी गळलं. बाकी सगळं वाटेत धुऊन गेलं होतं.

मी खोकत होते. खोकता खोकता वर पाहिलं. माय चौथ्या पायरीवर आली होती.

"बस झालं," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "काढा भाऊजी तिले. नाही पाह्यजे मले गाळ."

मला तेवढंच हवं होतं असं आता वाटतं, कुणीतरी थांबवायला. पण मला दुसरंच ऐकू आलं. बाहेर निघाले की विहीर संपली. उद्यापासून वरून घागर सोडायची, पाण्यात पाय बुडवायचा नाही. काकाचा हात दंडाला लागला तसा मी हिसडा दिला आणि पुरता श्वासही न घेता गेले.

खाली काही दिसत नव्हतं. दोन बुड्यांनी सगळा गाळ उठलेला, पाणी ताकासारखं. कानात कळ येत होती. फळी टेकली म्हणून तळ कळला. दोन्ही फळ्या गाळावर दाबून मी स्वतःला खाली धरून ठेवलं. मूठ नाही, चिमटा नाही. मग माझ्याकडे आणखी काय आहे? माझ्याकडे जे सगळ्यात मोठं होतं, ते मी उघडलं.

तोंड गाळात घातलं आणि चावा घेतला.

थंडगार, लोखंडासारखी चव, दातांखाली वाळू. ओठ मिटले. वर उसळायला पाय मारला तर डावा पंजा गाळात रुतलेला. ओढला, सुटेना. पुन्हा ओढला, वादी घोट्यात कापत गेली. श्वास घ्यायला सगळं अंग तोंड उघड म्हणत होतं, आणि तोंड उघडलं की सगळं संपलं. तिसऱ्या हिसक्याला पाय निघाला. उजेड पिवळा, मग पांढरा, मग हवा.

"बोल! बोल न वं!" काका माझ्या पाठीत गुद्दे मारत होता. मी बोलत नाही म्हणजे गुदमरले, असं त्याला वाटलं; आयुष्यात पहिल्यांदाच मी गप्प होते. त्याच्या हातातून सुटून मी पायरी गाठली, फळ्या दगडावर टेकल्या आणि थुंकले.

काळा गोळा पडला. त्यात एक बारीकशी गोगलगाय होती.

गोळ्याच्या पलीकडे दोन पाय होते, घोट्यापर्यंत पाण्यात, लुगड्याची किनार भिजलेली. माय शेवटच्या पायरीवर उभी होती. केव्हा उतरली, कुणी पाहिलं नाही.

"वहिनी, गाळ," काका म्हणाला. त्याचाही श्वास चढला होता.

"मूठभर म्हनला होता."

"हिचं तोंड मुठीहून मोठं हाय, हे त साऱ्या गावाले ठाऊक हाय."

माय हसली नाही. ती ओल्या पायरीवर बसली आणि माझं मनगट मांडीवर ओढून घेतलं. विळा आणायला कुणाला सांगितलं नाही. एकेक गाठ दातांनी सैल करत राहिली, बराच वेळ. तिचे हात कापत होते. वैशाखात थंडी वाजते का, असं विचारायचं माझ्या मनात आलं होतं, पण तोंडात अजून गाळ होता. फळ्या सुटल्या. माझे तळहात खाली पांढरेफटक, सुरकुतलेले, म्हातारीचे झाले होते. आता रोज असतात तसे.

मायनं ते दोन्ही हात उलटे करून पाहिले.

"उद्या रिकाम्या हातानं आन," ती म्हणाली. "मी येतो पाह्यले."

उद्या आखाजी होती. उद्यापासून विहीर बंद होणार होती.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊन मी चार बुड्या मारल्या आणि एकदाही तळ लागला नाही. पाणी मला फेकत राहिलं. तिसऱ्या दिवशीही नाही. पंजे मी ठेवले होते, एक दिवसाआड बांधायचे. मधला दिवस रिकामा, खाडा न करता. माय रोज तिसऱ्या पायरीवर बसायची आणि माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडायची.

नवव्या दिवशी मी मूठ तिच्यापुढे उघडली. अर्धाअधिक वाटेत सांडला होता, उरलेला नखांत. तिनं मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "हे काय मूठभर झालं?"

मी पुन्हा गेले.