लेथवरचा चष्मा

मस्कतला उतरले तेव्हा माझी बॅग खालून लालभडक झाली होती. अण्णासाठी घेतलेली कोकमाच्या आगळाची बाटली वाटेत कुठेतरी फुटली होती. काचेची नको, प्लॅस्टिकची घ्या, असं सून कानीकपाळी ओरडत होती. पण आगळ काचेतच राहावं असं माझं मत, आणि माझ्या मतापुढे कोणाचं काय चालणार! कस्टमच्या अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली आणि ते रक्तासारखं पाणी पाहून तो चक्क मागे सरकला. मी “सरबत, सरबत” म्हणत राहिले. त्याने वास घेतला, चेहरा आंबट केला आणि हातानेच जा म्हणून सांगितलं.

बाहेर अण्णा उभा होता. अण्णा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. चिपळूणला आयटीआय करून ऐन तारुण्यात ओमानात आला, इब्री नावाच्या आतल्या गावात एका वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून लागला, आणि केस पांढरे होईपर्यंत त्याच एका लेथ मशीनवर पंपांचे दांडे कातत राहिला. आता तेलाचे भाव पडले होते, कामं आटली होती, वर्कशॉपला कुलूप लागलं होतं. महिनाअखेर अण्णा कायमचा परत निघणार होता. “तुझी वहिनी कधी आली नाही. तू तरी एकदा बघून जा, मी कुठे होतो ते,” असं त्याने फोनवर म्हटलं. वहिनी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी तिकीट काढलं.

गाडी इस्माईलभाईंची होती. ते मूळचे श्रीवर्धनचे, इब्रीत त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान.

“ताई, पुढं बसा. डोंगर बघायला भेटतील,” ते म्हणाले. “अण्णा काय, त्यांनी लय बघितलेत.”

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. वाळवंट आलं की मुलांना नकाशात पिवळा खडू फासायला सांगायची. इथे नजर जाईल तिथे पिवळं असं काही नव्हतंच. तांबूस, करडे, मध्येच जांभळट झाक असलेले उघडेबोडके डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी अचानक खजुरीची हिरवी पट्टी. निझवा गेलं, बहला गेलं. एवढ्या मुलांच्या नकाशांचे मार्क मी कशाच्या जोरावर कापले, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी अण्णाने वर्कशॉप दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, शटरच्या फटीतून आतली अंधारी जमीन दाखवली. यंत्रं भंगारवाल्याने नेली होती. लेथ जिथे होता तिथे सिमेंटवर तेलाचा काळा चौकोन उरला होता. अण्णा फटीला डोळा लावून बराच वेळ उभा राहिला.

“पाय इथे असायचे माझे,” तो म्हणाला.

तिथून त्याच्या अर्बाबने (मालकाने) आम्हाला घरी नेलं. गालिच्यावर बसवलं, खजूर पुढे ठेवले आणि फिंजानात (बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात) वेलची घातलेल्या कॉफीचा कडू काहवा ओतला. मी रीतीप्रमाणे “नको, नको” म्हणाले. त्यांनी ओतला. प्यायले, पेला खाली ठेवला. त्यांनी पुन्हा ओतला. मी पुन्हा “नको हो, बास” म्हणाले. पुन्हा ओतला. पोटात काहव्याचं तळं झालं तेव्हा अण्णा हळूच म्हणाला, “सुधे, बास झालं तर पेला हातात धरून नुसता हलवायचा. इथे तोंडाच्या नकोला कोणी विचारत नाही.”

“मग आधी सांगायला काय झालं होतं?”

“मला वाटलं, तुला हवाय.”

अण्णाने हे अर्बाबना सांगितलं तेव्हा ते खदखदून हसले. परत येताना अण्णा म्हणाला, “मला इथे परकं वाटलं नाही, त्याचं कारण हेच. आपल्यासारखीच माणसं. आग्रह केल्याशिवाय यांचं पान हलत नाही.”

आपल्या घरांतली रीत वाचकांना मी काय सांगायची! कोणाकडे गेलं आणि चहा घेणार का विचारलं, तर लगेच हो म्हणायचं नाही. आई आम्हाला त्यावरून चिमटे काढायची. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा “कशाला उगाच त्रास” म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून कप घ्यायचा. लगेच हो म्हणणारं पोर हावरट ठरायचं. आम्ही भावंडं याच शाळेत शिकलो आणि अण्णा तर पहिल्या नंबराने पास झालेला.

संध्याकाळी इस्माईलभाईंच्या दुकानात बसलो होतो. गल्ल्यामागच्या फळीवर प्लॅस्टिकच्या वेष्टनात एक जाडजूड पुस्तक होतं. त्यांनी हात पुसून ते माझ्यापुढे ठेवलं.

“यात मी आहे,” ते म्हणाले. “केस विंचरून बसलो होतो, बघा.”

फोटोंचं पुस्तक होतं. काढणारा मिस्टर हॅरल्ड नावाचा इंग्रज, बर्मिंगहॅमचा. बर्मिंगहॅम हे नाव मी लहानपणीच वाचलेलं. वडील कचेरीत कारकून होते; त्यांच्या टाकाच्या निफांची एक जुनी पत्र्याची डबी होती आणि तिच्या झाकणावर ते नाव होतं. निफा, बटणं, स्क्रू, शिट्ट्या, पलंगाच्या दांड्या, साऱ्या जगाला लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू त्या शहराने बनवल्या. प्रस्तावनेत हॅरल्डने लिहिलं होतं, त्याचा मथितार्थ असा: माझ्या गावच्या नामवंतांची यादी कोणीही सांगेल, कारखानदार, शास्त्रज्ञ, चॉकलेटवाले, त्यांचे पुतळे चौकाचौकांत आहेत. मी मात्र आधी गावातल्या निफा कापणाऱ्या बायकांचे आणि लेथवरच्या माणसांचे फोटो काढले आणि त्यांनाच नामवंत म्हटलं. त्यावर माझंही नाव झालं. मग म्हातारपणी मुलीकडे ओमानला आलो आणि इथले नामवंत शोधू लागलो.

मी पानं उलटत गेले. मलबारी शिंपी, बंगाली गवंडी, खाबुऱ्याच्या किनाऱ्यावर जाळं विणणारा म्हातारा ओमानी, तारांच्या भेंडोळ्यांमध्ये राजासारखे बसलेले इस्माईलभाई. प्रत्येकाखाली नाव आणि गाव. आणि मग एका पानावर नुसता लेथ. खिडकीतून उन्हाची तिरीप आलेली, खाली लोखंडाची गुंडाळलेली चकचकीत साल, आणि लेथच्या डोक्यावर उताणा ठेवलेला काळ्या फ्रेमचा चष्मा. एका काडीला दोरा गुंडाळलेला. खाली नाव नव्हतं.

तो दोरा मी ओळखला. अण्णा रजेवर आला असताना वहिनीनेच गुंडाळून दिला होता.

“अण्णा, हा तुझा चष्मा.”

“हो.”

“आणि तू कुठे आहेस?”

इस्माईलभाईच म्हणाले, “साहेबानं विचारला त्यांना. हे नको बोलले. मी बाजूलाच होतो ना. साहेब ओके बोलला आणि खलास.”

“मी आपलं रीतीचं म्हटलं होतं,” अण्णा पुस्तकाकडे न बघता म्हणाला. “कपडे तेलाचे, दाढी वाढलेली. म्हटलं, माझा कशाला. वाटलं, पुन्हा म्हणेल. चष्मा काढून ठेवला होता, डोळे पुसून नीट उभा राहणार होतो. तो कॅमेऱ्यात बघायला लागला, तर मला वाटलं तयारी करतोय. तेवढ्यात झालंसुद्धा.”

मी हसले, आणि दुसऱ्याच क्षणी हसले याची लाज वाटली. वहिनी प्रत्येक पत्रात एकच मागायची, कामावरचा एक फोटो पाठवा, लोकांना दाखवते. लग्नांतले, समुद्रावरचे, मित्रांच्या खोलीतले फोटो यायचे. कामाच्या जागी कॅमेरा न्यायला बंदी होती. हॅरल्डला परवानगी मिळाली होती ती खास. आता वहिनी नव्हती, वर्कशॉप नव्हतं, लेथ भंगारात गेला होता. अण्णाने आयुष्य कशात घातलं हे दाखवणारं एकच चित्र जगात होतं, आणि त्यात अण्णाच नव्हता.

“त्याने त्या दिवशी एकच फोटो काढला असेल का?” मी म्हटलं. “एखाद्यात तू असशील. कडेला का होईना.”

अण्णाने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. हे त्याच्याही मनात कधीपासून होतं, हे मला तेव्हा कळलं.

इस्माईलभाईंनी पत्ता मिळवला आणि माझ्या परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं हॅरल्डच्या मुलीच्या घरी गेलो. ती मस्कतच्या एका शाळेत शिकवायची आणि डोंगरापलीकडे अल अमेरातला राहायची. तिकडे जाणारा रस्ता डोंगर कापून केलेला. चढ असा की इस्माईलभाई बिस्मिल्ला म्हणत गाडी हाकत होते. वर पोहोचल्यावर मागे मस्कतची पांढरी घरं आणि समुद्र, पुढे डोंगरांच्या वाटीत वाढत चाललेली वस्ती. अण्णाने नवा शर्ट घातला होता.

हॅरल्ड उंच, वाकलेले, गुलाबी कातडीचे म्हातारे होते. मी मनात त्यांना एकेरीवर ठेवलं होतं, पण समोर पाहिल्यावर ते जमेना. अण्णाचा हात हातात घेतल्यावर त्यांनी तो सोडला नाही, आपल्या दोन्ही हातांत उलटापालटा करून चाचपला.

“इब्री. लेथ,” ते म्हणाले. “नको म्हणणारा माणूस.”

मुलीने चहा घेणार का विचारलं. मी सवयीने “नो, नो, थँक यू” म्हणाले. ती “बरं” म्हणून बसली. घशाला कोरड पडलेली, आणि चहा गेला. एरवी मला हसू आलं असतं.

अण्णाला इंग्रजी कामापुरतं यायचं. त्यामुळे मीच विचारलं, त्या दिवशीचे आणखी फोटो आहेत का, ज्यांत माझा भाऊ चुकून आला असेल.

“नाही,” ते लगेच म्हणाले. “एकही नाही. मी काळजी घेतली. त्याने नको म्हटलं होतं. त्याचा हात काय, त्याची सावलीसुद्धा मी येऊ दिली नाही. खिडकीचं ऊन सरकेपर्यंत थांबलो त्यासाठी.”

ते अभिमानाने बोलत होते. एखाद्याचा मान कसा राखला, ते सांगावं तसे. मी अण्णाला मराठीत सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला ते आधीच समजलं होतं.

मग हॅरल्ड थोडे पुढे सरकून म्हणाले, “माझे वडील बर्मिंगहॅमला टर्नर होते. त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. मी कॅमेरा घेतला तेव्हा ते गेलेले होते. इब्रीत दारातून आत आलो आणि तुमचा भाऊ पाठमोरा उभा होता, डाव्या पायावर भार टाकून. अगदी तसाच. सबंध पुस्तकात मला सर्वांत जास्त हवा होता तो हाच फोटो. पहिल्या पानावर घालणार होतो.”

“मग पुन्हा का नाही विचारलंत?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

“इतका हवा होता, म्हणूनच. माणूस एकदा नाही म्हणाला की दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्यावर जोर करणं. आमच्या घरी असंच शिकवलं.”

मग अण्णा बोलला, स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत, अगदी सौम्यपणे.

“सर, यू आस्क ओन्ली वन टाइम.”

म्हाताऱ्यांना ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. त्यांनी मुलीकडे तोंड वळवलं, पुन्हा अण्णाकडे वळवलं. “मला आता फक्त कडा दिसतात,” ते म्हणाले. “मधलं काही दिसत नाही. कॅमेरे देऊन टाकले.”

मी पर्समधून फोन काढला. म्हटलं, “अण्णा, दोघं शेजारी बसा. मी काढते.”

“नको गो,” अण्णा म्हणाला.

हे नको निराळं होतं. ते मला ऐकू आलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही. निघताना हॅरल्डनी दारापर्यंत येऊन अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला. डोंगर उतरताना इस्माईलभाई एवढंच म्हणाले, “माझा फोटो नसता आला तरी चाललं असतं, ताई. माझं दुकान तरी जागेवर आहे.”

मी परत आले, आणि महिनाअखेर अण्णाही आला. येताना त्याने इस्माईलभाईंनी दिलेलं ते पुस्तक आणलं. लेथचं पान त्याने कापून घेतलं, फ्रेम करून वहिनीच्या फोटोशेजारी लावलं. येणारे-जाणारे विचारतात, हे कसलं यंत्र? अण्णा सांगतो, आणि चष्म्यावर बोट ठेवतो.

परक्या देशात जाऊन मी काय पाहिलं असं मला विचारतात. मी डोंगर पाहिले, खजुरी पाहिल्या, हे सांगते. खरं तर मी दोन सभ्य माणसं पाहिली. एकाने हावरट दिसू नये म्हणून नको म्हटलं, दुसऱ्याने मान राखायचा म्हणून ते खरं मानलं, आणि दोघांच्या हातून एकच गोष्ट गेली. मला दोघांचाही राग येतो आणि दोघांचीही कीव येते.

परवा अण्णाला घेऊन मी आमच्या मावसबहिणीकडे गेले होते. आम्ही नुकते टेकलो होतो. तिने आतून विचारलं, “अण्णा, चहा टाकू?”

“टाक,” अण्णा लगेच म्हणाला.

ती चमकून बाहेर आली. एवढा मोठा माणूस, आणि पहिल्याच विचारण्याला हो! तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “माझाही टाक.”