रिकामा डबा

स्तनाच्या कॅन्सरसाठी माझी केमो सुरू झाली, तशी इथे परदेशात, आमच्या रिकार्टनमधल्या मराठी मैत्रिणींनी डब्यांची पाळी लावली. रोज एक जण दारात. ‘पॉझिटिव्ह राहा हं, तू फायटर आहेस,’ म्हणायची आणि निघायची. गाडी तर बाहेर चालूच ठेवलेली असायची. येईल तिला मी सांगायचेही, की सकाळी उठावंसंच वाटत नाही, कशातच मन लागत नाही. ‘केमोने होतं गं तसं,’ म्हणून एकीने हातात डिंकाचे लाडू ठेवले.

त्यात डबा रिकामा परत करायचा नाही, हे आईने अंगात मुरवलेलं. त्यामुळे बोटांना मुंग्या येत असतानाही मी शिऱ्यासाठी रवा भाजत उभी. तेही जमलं नाही, तर निदान चमचाभर साखर. ‘आई, जस्ट गिव्ह इट बॅक!’ लेक ओरडायची. मी तिच्यावरच खेकसायचे.

एका गुरुवारी मात्र डब्यात काही घालावंसंच वाटेना. लाडूवालीचाच डबा होता. नुसता धुऊन दिला. तिच्या हाताला तो हलका लागला असावा. गाडीपाशी तिने झाकण उघडून पाहिलं आणि धावत परत आली.

‘काय होतंय तुला? खरं सांग.’

चार महिने मी तोंडाने सांगत होते, ते कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. साखर नव्हती, तर लगेच कळलं! मला रडू यायला हवं होतं. मी म्हटलं, ‘आधी गाडी बंद करून ये.’