ओटा कोणाच्या मापाचा

भोकरदनला घर बांधायला काढलं तेव्हा बाकी सगळं मी नवऱ्यावर सोडलं आणि स्वयंपाकघर तेवढं माझ्याकडे ठेवलं. भाड्याच्या खोल्यांत इतकी वर्षं काढल्यावर एवढा हक्क माझा होताच. जालन्याच्या दुकानात मी भाकरीची परात पिशवीत घालूनच गेले. दुकानदार एकेक सिंक दाखवायचा आणि मी त्यात परात ठेवून बघायची.

"ताई, हा लेटेस्ट पीस आहे," तो म्हणाला.

असेल लेटेस्ट, पण माझी परात त्यात बसत नव्हती. बसली ते सिंक घेतलं. ओट्याला काळा ग्रॅनाइट घेतला. चिमणी नवऱ्याच्या हट्टाची. ती अजूनही पाहुण्यांना दाखवण्यापुरतीच चालू होते.

ओट्याची उंची मात्र मी आधीच ठरवली होती. ओटा सासूबाईंच्या मापाचा. गुडघे गेल्यापासून त्यांना खाली बसता येईना, आणि भाकरी तर त्यांनी जन्मभर पाटावर बसूनच थापलेली. भाड्याच्या घरातला ओटा त्यांच्या छातीशी यायचा. मग भाकऱ्या माझ्याकडे आल्या आणि त्या दारात बसून राहू लागल्या. "आयतं खायला ग्वाड लागंना," एकदा म्हणाल्या. ते मला फार लागलं.

म्हणून ओटा बांधायच्या आधी त्यांना तिथं घेऊन गेले. पीठ, पाणी, परात सोबत. विटांची चवड रचून तिच्यावर परात ठेवली. खाली चिखल आहे म्हणत त्या मुरमाच्या ढिगावर उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि थापायला लागल्या. मी समोर उभी.

"बराबर आहे का?"

"न्हाई. अजून एक ईट टाक."

टाकली. त्यांनी परत थापून बघितली, माझ्याकडे बघितलं. "अजून एक." मला वाटलं, हाताला कळतं ते डोक्याला कळत नाही. मिस्त्रीला तीच खूण करून दिली.

वास्तुशांत झाली. पहिली भाकरी त्यांचीच, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी परातीत हात घातला आणि कोपरं खांद्यापर्यंत वर गेली. मी शेजारी उभी राहिले तर परात बरोबर माझ्या हाताखाली.

"आई, हे काय केलं तुम्ही?"

"तुह्या कोपराकडं बघून ईटा टाकायला लावल्या," त्या म्हणाल्या. "मी किती दिसाची? भाकऱ्या तुलाच थापायच्यात."

मला राग आला. मागच्या खोलीतल्या सामानाच्या ढिगातून त्यांचा पाट ओढून काढला आणि ओट्यापाशी ठेवला. त्यांनी पाटाकडे बघितलं. मग माझा खांदा धरून, ज्या पाटावर जन्मभर बसल्या त्याच पाटावर उभ्या राहिल्या.

"आण पीठ इकडं," म्हणाल्या.