रिव्काचं नाव मी दिलं

रिव्का आवासकरबद्दल लिहायला बसलो की पहिलं वाक्य माझ्याच अंगावर येतं, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. त्या पत्रावर तिचं नाव मी घातलं. तिने नाही, मी. मनोहर, वय सदुसष्ट, निवृत्त मरीन इंजिनिअर. सिंगापुरात सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात आयुष्य गेलं, पण नको तिथे नाक खुपसायची सवय काही गेली नाही.

तीन वर्षांपूर्वी ती आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती, विषय जहाजांच्या पत्र्याला लागणारा गंज. विषय ऐकूनच मी तिला खोली देऊन टाकली. माझी बायको प्रेमा आडनावावर गेली. "अलिबागकडची ना तू? मग गणपतीत गावी जायचं असेल." रिव्का हसली. "काकू, आम्ही बेने इस्रायली. ज्यू." प्रेमाला काही उलगडेना, तेव्हा ती म्हणाली, "शनवार तेली म्हणायचे आम्हाला. पणजोबांचा घाणा होता, आणि शनिवारी तो बंद असायचा. बैलालासुद्धा सुट्टी."

शनिवार तिनेही सोडला नव्हता. शुक्रवारी दिवेलागणीला ती काचेच्या पेल्यात खोबरेल घालून वात लावायची, आणि तिथून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत फोन नाही, लॅपटॉप नाही, लिफ्ट नाही, दिव्याच्या बटणाला हात नाही. चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरून फिरायला जायची. गंमत अशी की दुसऱ्याला "दिवा लावा" असं सांगणंही तिच्या नियमात बसत नव्हतं. वडिलांची शिकवण. मग ती नुसती म्हणायची, "काका, इथे अंधार आहे हं." मी उठून दिवा लावायचो. "आज उकडतंय फार," म्हणाली की पंखा. तिला काय हवंय ते न सांगता मला कळतं, याचा मला भारी तोरा होता. प्रेमाला मी चारचौघांत म्हणायचो, बघ, तुझं चाळीस वर्षांत कळलं नाही, हिचं कळतं.

तिला एकच गोष्ट मनापासून हवी होती. आईला भेटायचं होतं. वडील गेल्यावर आई पनवेलचं घर बंद करून इस्रायलात अश्दोदला मुलाकडे गेली होती, आणि तिथे तिची आठवण हळूहळू पुसली जात होती. दर रविवारी भाऊ फोन आईच्या कानाला लावायचा. आई सुनेला ओळखत नव्हती, नातवाला ओळखत नव्हती, पण रिव्काचा आवाज आला की म्हणायची, "रिवू, जेवलीस?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, यायचं तर याच वर्षी या. रिव्काने डिसेंबरचं तिकीट काढलं. प्रेमाने आईसाठी लसणीची चटणी करून द्यायचं कबूल केलं.

त्या वर्षी गाझाच्या बातम्यांनी कॅम्पस पेटलं होतं. सिंगापूरच्या मानाने पेटलं होतं, म्हणजे पोरं कुजबुजत होती. इथे पाहुण्यांनी राजकारणात पडायचं नसतं. व्हिसाच्या पासावर तसं छापलेलं नसलं तरी सगळ्यांना ते पाठ असतं. पण काही मुलांनी पत्र लिहायचं ठरवलं. युनिव्हर्सिटीने आपला निधी कुठे गुंतवलाय ते उघड करावं, आणि शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांतून काढून घ्यावा. यात पुढे होता निमिष, रिव्काच्याच लॅबमधला, पुण्याचा, तिचा जिवलग मित्र. हे पत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिलं गेलं, माझ्यादेखत, भडंगाच्या डब्यासकट. आणि त्यातलं अर्धं रिव्काने लिहिलं.

सोपं नव्हतं तिला. भाचा तिकडे सैन्यात होता. सकाळी उठल्यावर ती आधी तो जिवंत आहे ना ते बघायची आणि मग गाझातल्या मेलेल्या पोरांचे आकडे वाचायची, चहा गार होईपर्यंत. एका परिच्छेदासाठी ती निमिषशी दोन तास भांडली. ज्यू विद्यार्थी म्हणजे तिथलं सरकार नव्हे, कॅम्पसवर त्यांना कुणी जाब विचारू नये, असं तिला त्यात घालायचं होतं. निमिष म्हणाला, "त्याने पत्राची धार जाते." ती म्हणाली, "परवा कॅन्टीनमध्ये एकीने मला विचारलं, तू चांगली ज्यू की वाईट? आधी उत्तर दे, मग टेबलावर बस. धार माझ्यावर आहे, निमिष." परिच्छेद राहिला.

फक्त स्वतःचं नाव तिने घातलं नाही. निमिषने खूप विनवलं. एका ज्यू मुलीची सही शंभर सह्यांच्या तोडीची, असं त्याचं म्हणणं. तिने सरळ सांगितलं, "भाऊ आईचा फोन बंद करेल. माझं नाव नको." मीही तिथेच होतो. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. भाऊच तो, चिडेल आणि विसरेल, असं मी मनात म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर आमची मंडळी जमली होती. तिथे दिलीप, माझा यार्डातला जुना सहकारी, काडीवर भाजलेल्या सातेचा, म्हणजे इथल्या कबाबाचा, तुकडा तोंडात धरून म्हणाला, "तुझी ती भाडेकरीण ज्यू ना? मग ती कशाला त्या पत्रावर सही करेल! आतून सगळे एकच असतात." माझं डोकं सणकलं. अर्धं पत्र तिचं आहे, हे ओठांवर आलं आणि गिळलं. आठवडाभर ते वाक्य मला डाचत राहिलं. आमची रिव्का, आणि या दिलीपने तिला असं म्हणावं?

आला शनिवार. सकाळी ती गॅलरीत कुंड्यांपाशी उभी होती. मी चहा घेत होतो. ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आज पत्र जाणार. दोनशे नावं आहेत म्हणे. माझ्या नावाशिवाय मला ते अर्धवटच वाटतं." आणि चपला घालून जिन्याने फिरायला गेली.

अकराच्या सुमारास निमिष धापा टाकत दारात. "काका, बाराला यादी बंद होते. रिव्काला एकदा शेवटचं विचारायचं होतं, पण आज तिचा फोन बंद. काही म्हणाली का ती?"

आता मी स्वतःला कितीही दोष दिला तरी त्या क्षणी मला शंका आली नव्हती. अंधार आहे हं म्हटलं की दिवा, उकडतंय म्हटलं की पंखा. शनिवार होता. तोंडाने सांगणं तिच्या नियमात बसत नव्हतं. मला कळलं होतं. आणि खरं सांगायचं तर कानात दिलीपही होता.

"घाल तिचं नाव," मी म्हटलं.

"नक्की ना, काका?"

"तिच्या मनातलं मला ओळखता येतं."

संध्याकाळी आम्ही तिघं गॅलरीत तारे शोधत बसलो. तिसरा तारा रिव्कालाच दिसला. तिने फोन चालू केला आणि तो हातात थरथरायलाच लागला, इतके मेसेज. मी मिशीतल्या मिशीत हसत म्हटलं, "मीच सांगितलं निमिषला. तू सकाळी म्हणालीस ना, मला कळलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"काका," ती म्हणाली, "मी ते तसं नव्हतं म्हटलं. मला नुसतं वाईट वाटत होतं."

तासाभरात निमिषने नाव काढलं. पण तोवर यादीचा फोटो पनवेलच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला होता आणि तिथून अश्दोदला. भावाने एकदाच फोन केला. स्पीकरवर नव्हता, तरी आम्हाला ऐकू आला. "माझा मुलगा तिकडे मरायला उभा आहे आणि तू त्याच्याविरुद्ध सह्या करतेस? या घरात पाय ठेवायचा नाही. आईशी बोलायचं नाही." मी तिच्या हातातून फोन घेतला आणि इंग्रजीत, हिंदीत, मराठीत सांगितलं की चूक माझी आहे. तो म्हणाला, "तुम्ही कोण?" आणि फोन ठेवून दिला.

कॅम्पसवर कुणी तिला मिठी मारली, कुणी तिचं नाव पोस्टरवर छापलं, तिचा तो परिच्छेद मात्र कुणी वाचला नाही. नाव काढल्यावर तीच माणसं तिला भित्री म्हणाली. परदेशातून आलेल्या दोन ज्यू मुली तिच्या टेबलावरून उठून गेल्या. युनिव्हर्सिटीचं दोन ओळींचं उत्तर आलं: आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. निधी होता तिथेच राहिला.

दर रविवारी ती ठरल्या वेळी फोन लावायची. रिंग वाजून वाजून बंद व्हायची. दुसऱ्या खोलीत मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो. एकदा न राहवून म्हटलं, "रिव्का, मला बोल काहीतरी. शिव्या दे." ती म्हणाली, "काका, तुम्ही वाईट हेतूने नाही केलंत." हे ऐकायला मी तयार नव्हतो. शिव्या सोप्या होत्या.

नोव्हेंबरमध्ये, बुधवारी सकाळी, तिची आई गेली. भावाने कळवलं नाही. पनवेलच्या त्याच ग्रुपवर आलं, दफन झाल्यावर. डिसेंबरचं तिकीट फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं होतं, ते प्रेमाने काढून ठेवलं.

रिव्का सुतकाचे सात दिवस खोलीत जमिनीवर बसली. आरसा प्रेमाने चादरीने झाकला, उकडलेली अंडी नेऊन दिली, तसा त्यांचा रिवाज आहे म्हणून. निमिष आला, दारात रडला आणि गेला. रिव्का एवढंच म्हणाली, "शेवटी जेवलीस का विचारलं असेल तिने, मला नाही तर दुसऱ्या कुणाला तरी."

मध्ये शनिवार आला. दुपारभर आभाळ भरून आलं होतं आणि पाचलाच खोलीत काळोख झाला. ती खिडकीजवळ बसली होती, आईचा फोटो मांडीवर. मी दारात जाऊन उभा राहिलो. बटण माझ्या हाताशी होतं. मी वाट पाहिली. तिला मी आलेलं कळलं होतं, तिने मान वळवून पाहिलंही. पुढे फोटोतला चेहरा दिसेनासा झाला, तिचाही दिसेनासा झाला.

अंधार आहे, असं ती म्हणाली नाही. मी तसाच परत फिरलो.