भाड्याने दिलेला परवाना

किर्गिझस्तानातल्या नारीन शहरात बेइशेनालीला सगळे ‘खांबावरचा बेइशेन’ म्हणायचे. तीस हिवाळे तो विजेच्या खांबांवर चढला. बर्फाने तारा तुटल्या की लोक आधी त्याचं दार ठोठावायचे, मग वीज कंपनीचं. वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी बिश्केकला परीक्षा देऊन त्यानं सर्वांत वरच्या दर्जाचा परवाना मिळवला. असा परवाना शहरात तिघांकडेच होता. त्यातला एक रशियाला निघून गेला, दुसऱ्यानं अंथरूण धरलं. उरला बेइशेन, आणि तोही एका जानेवारीत खांबावरून पडला. गुडघा कायमचा गेला.

नगरपालिकेचा नियम साधा होता: ज्याच्याकडे वरच्या परवान्याचा माणूस नोकरीला असेल, त्याच ठेकेदाराला सरकारी इमारतीचं वायरिंग मिळायचं. परवानाधारकानं कामावर हजर राहायचं, वीज बंद केल्याची स्वतः खात्री करायची, मेन स्विचला कुलूप लावायचं, मग वहीत सही करायची.

बाजाराजवळच्या नव्या हमामखान्याचं काम निघालं, तेव्हा ठेकेदार जार्लिक बेइशेनच्या घरी आला. जार्लिक एके काळचा पैलवान, बैलाच्या मानेचा. वायरिंगमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं गोळा करण्यात आणि त्यांना दाबण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

“बाइके, तुम्ही फक्त सही करायची,” थोरल्या भावाला घालावी तशी हाक घालत तो म्हणाला. “घरी बसा, चहा प्या. गुडघ्याला कशाला त्रास? हिवाळाभराचा कोळसा माझ्याकडून.”

“आणि कामावर कोण उभं राहणार?”

“माझी पोरं काय दूध पितात?”

तो गेल्यावर बेइशेनची बायको सोनुन म्हणाली, “फुकटचा कोळसा घर जाळतो, म्हाताऱ्या.” बेइशेननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गुडघा ठणकत होता आणि बाहेर उणे अठ्ठावीस होतं.

चार महिने आठवड्याला वही घरी यायची, बेइशेन ओळीनं सह्या ठोकायचा. एप्रिलच्या एका दुपारी वहीऐवजी जार्लिकची गाडी आली.

हमामखान्यात पाण्याचे हीटर जोडायला रिस्कुल नावाचा तरुण, लेकुरवाळा वायरमन शिडीवर चढला होता. खाली कुणाला तरी ड्रिलनं भिंतीला भोकं पाडायची होती, त्यासाठी वीज हवी होती. मेन स्विचला कुलूप नव्हतं. त्या माणसानं खटका वर ढकलला. बेइशेन पोचला तेव्हा रिस्कुल ओल्या फरशीवर उताणा पडला होता. उजवा तळवा कोळशासारखा झाला होता, पायातला एक बूट निसटून भिंतीपाशी गेला होता. जळक्या मांसाचा वास बेइशेनला नवा नव्हता. तरी तो भिंतीला धरून खाली बसला.

जार्लिकनं त्याची कॉलर धरून त्याला उभं केलं. ‘बाइके’ आणि ‘तुम्ही’ आता संपलं होतं.

“नीट ऐक. वहीत तुझी सही आहे, म्हणजे तू इथं हजर होतास. पोरगा पिऊन आला आणि तुला न विचारता चढला. एवढंच बोलायचं. दुसरं काही बोललास तर दोघं जाऊ तुरुंगात.”

बेइशेननं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिस्कुलच्या अंगणात मातीसाठी लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला. तंबूबाहेर रिवाजाप्रमाणे काठीवर वाकून मृताची माणसं रडत होती. येणाऱ्या पुरुषानं लांबूनच ‘भावा रे, माझ्या भावा’ असा टाहो फोडत यायचं असतं. बेइशेन फाटकातून लंगडत आत शिरला, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तोंड उघडं ठेवूनच तो चालत राहिला.

मृताचा थोरला भाऊ काचकिन बाजारात खाटकाचं दुकान चालवायचा. त्यानं काठी टाकली आणि समोर आला.

“परवाना तुझा ना?”

“माझा.”

“ठेकेदार म्हणतो, माझा भाऊ प्यायला होता. होता का?”

अंगणात शंभर माणसं होती.

“नव्हता,” बेइशेन म्हणाला. “म्हणजे मी पाहिलंच नाही. मी तिथं नव्हतो. चार महिने एकदाही गेलो नाही. सह्या घरी बसून केल्या.”

काचकिनची मूठ त्याच्या जबड्यावर बसली. बेइशेन कोसळला. मग लाथा आल्या, बरगड्यांत, पोटात, त्या मोडक्या गुडघ्यावर. बेइशेननं हात आडवा केला नाही. दात तुटून घशात गेला, तो त्यानं रक्ताबरोबर गिळला. चौघांनी मिळून काचकिनला ओढलं, तरी तो त्यांनाही फरफटवत पुढं येत होता.

“काचकिन!” तंबूच्या दारातून त्याचा म्हातारा चुलता ओरडला. “पोराचं प्रेत आत आहे. दारात रक्त सांडशील तर तुझ्या हातची माती त्याला पडू देणार नाही!”

काचकिन थांबला. बेइशेनवर थुंकून मागं फिरला आणि पुन्हा काठीवर वाकून रडू लागला.

बेइशेनला हातगाडीवर घालून घरी आणलं. सोनुननं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. “बरं केलंस बोललास,” एवढंच म्हणाली.

बोलल्याची बातमी जार्लिकला कळायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो दोन माणसं घेऊन अंगणात शिरला. बेइशेनला ओढत त्यांनी कोळशाच्या खोपीत नेलं. अंगठ्याएवढ्या जाड केबलनं एकजण पाठीवर मारत होता. प्रत्येक फटक्याला सदऱ्याबरोबर कातडी निघत होती.

“सरकारी वकिलाला काय लिहून देणार?” जार्लिकनं विचारलं.

“झालं ते.”

“पुन्हा सांग.”

“झालं ते.”

जार्लिकनं त्याचा उजवा हात लाकूड फोडायच्या ओंडक्यावर दाबून धरला आणि हातोडा मारला. एकदा, दोनदा, तीनदा. बेइशेनची किंकाळी ऐकून सोनुन घरातून धावली. हातात फावडं होतं. केबलवाल्याच्या डोक्यात तिनं ते असं हाणलं की तो कोळशावर तोंडघशी पडून बेशुद्ध झाला. जार्लिक तिच्याकडे वळला, तेव्हा तिनं फावड्याची धार त्याच्या तोंडासमोर धरली.

“ये,” ती म्हणाली. “ये रे पैलवाना. बघू कोण आधी चीत होतं.”

भिंतीवरून शेजारी डोकावू लागले होते. जार्लिकनं बेशुद्ध माणूस खांद्यावर टाकला आणि दुसऱ्याला घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बेइशेन सरकारी वकिलासमोर बसला. उजव्या हाताला प्लास्टर होतं. त्यानं सांगितलं, कारकुनानं लिहिलं, खाली बेइशेननं डाव्या हाताचा अंगठा उमटवला. मग खिशातून परवाना काढून टेबलावर ठेवला.

“हा परत मिळणार नाही,” वकील म्हणाला.

“मागतोय कोण?”

खटला शरदात उभा राहिला. जार्लिकला सहा वर्षं, बेइशेनला स्थगित शिक्षा आणि परवान्यावर जन्मभराची बंदी. निकालानंतर पोलीस जार्लिकला कोर्टाच्या अंगणातून गाडीकडे नेत होते. जार्लिक काचकिनकडे पाहून हसला आणि मोठ्यानं म्हणाला, “तुझा भाऊ मेंढीसारखा भाजला.”

काचकिनच्या कोटातून सुरा बाहेर आला. पोलीस बघतच राहिले. सगळ्यांत जवळ बेइशेन उभा होता. विचार करायला वेळ नव्हता. त्यानं अंग पुढं झोकलं आणि काचकिनच्या कंबरेला मिठी मारली. सुरा बेइशेनच्या दंडातून हाडापर्यंत गेला.

“सोड! मारतो त्याला! सोड मला!”

“नाही सोडणार. तू आत गेलास तर रिस्कुलची लेकरं कोण वाढवणार? मी?”

काचकिननं सुरा उपसून पुन्हा उगारला, या वेळी बेइशेनवर. उगारलेला हात हवेतच राहिला. पोलिसांनी तो पिरगाळला, सुरा दगडांवर खणखणला. बेइशेनच्या बाहीतून रक्ताची धार लागली होती, तरी त्यानं मिठी सोडली नव्हती. डाव्या हाताची बोटं उकलायला दोन शिपाई लागले.

चौकशीत बेइशेननं सांगितलं, की सुरा मला चुकून लागला, गर्दीत ढकलाढकल झाली. न्यायाधीशानं ते लिहून घेतलं. काचकिन पंधरा दिवसांनी सुटून घरी आला.

त्यानं माफ केलं, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. बाजारात बेइशेन समोरून आला तर काचकिन सलाम घेत नाही, तोंड फिरवतो. बेइशेनही त्याच्या दुकानी जात नाही. मांस पलीकडच्या गल्लीतून आणतो. दंड नीट वर होत नाही, उजव्या हाताची बोटं वाकत नाहीत. बायकोनं भाजलेल्या भाकऱ्या बसथांब्यावर विकून तो आता पोट भरतो. घरातला बल्ब गेला तरी शेजाऱ्याला हाक मारतो.