कातळावरचं सेडम

आमच्या घराच्या पायरीपासून गेटपर्यंत नुसता कातळ. मे महिन्यात त्यावर पापड भाजून निघावेत, आणि पावसात ओढा वाहावा. चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांना ही जागा बघवत नसे. त्यांच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक आहेत, तेव्हा ते जिथे नाहीत तो सगळा प्रदेश त्यांच्या लेखी मागासलेला.

मला तिथे सेडम हवं होतं. जमिनीलगत पसरणारं, जाड रसाळ पानांचं, पाण्यावाचून वर्षानुवर्षं टिकणारं. भावोजी हसले. "वयनी, ह्या कातळार शेवाळाशिवाय काय्येक जगाचा नाय." घर दोघा भावांचं, म्हणून मुदत ठरली: पुढच्या चतुर्थीला कातळ हिरवा दिसला नाही तर पेव्हर.

दिवाळीनंतर मी रोपं आणली आणि आमच्याकडे जे माडाला करतात तेच केलं. प्रत्येकाभोवती आळं, आळ्यात शेणखत, सकाळ-संध्याकाळ कळशीभर पाणी. इतक्या मायेने रोपं महिन्याभरात कुजली. तो चिखल मी उचलून कुंपणाच्या दगडी गडग्यावर फेकला. यजमानांनी पेव्हरवाल्याकडून दर मागवून ठेवले.

मार्चात विहीर तळाला गेली तेव्हा लक्षात आलं, गडग्याच्या दोन दगडांच्या सांदीत फेकलेलं एक कांडं पसरून बसलं होतं. खत नाही, पाणी नाही, कोणाची चौकशी नाही. त्याचे तुकडे केले. चिऱ्याच्या खाणीवरची खडी आणून कातळावर उतरते उंचवटे रचले, वर मूठमूठ माती टाकून तुकडे खोचले आणि कळशी लांब ठेवली.

आषाढभर पाणी बाजूने वाहून गेलं. श्रावणात सेडम पसरून हिरवे उंचवटे एकमेकांना मिळाले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी भावोजी गेटातून आत आले आणि बॅग हातात घेऊन तिथेच थांबले. वाकून पानं दाबून पाहिली, बहुधा प्लास्टिक आहे का म्हणून. "वयनी, माका ह्येचे चार कोंब दी," एवढंच म्हणाले. मग पेव्हरवाल्याला त्यांनी स्वतःच फोन लावला, थेट कचेरीतल्या मराठीत. आम्ही नैसर्गिक आच्छादनाचं धोरण स्वीकारलं आहे, असं त्याला कळवण्यात आलं.

त्या 'आम्ही'ला मी हरकत घेतली नाही. कातळ माझा झाला होता.