बांधापलीकडचं गवत

युरियाची गोणी फोडली की नाकाला झोंबणारा वास येतो आणि पाचोऱ्याजवळच्या आमच्या शेतातली एक सकाळ आठवते. माझ्या आणि चुलतभावाच्या नेपियर या चाऱ्याच्या गवतात फक्त एक बांध होता. लागवड एकाच दिवशी झाली होती, बेणंही एकच होतं. तरी त्याचं गवत खांद्याला लागलं आणि माझं कमरेशीच थांबलं. येणारे-जाणारे बांधावर थांबून त्याच्याच गवताकडे बघत, आणि ते मला सहन होत नव्हतं. तो भरपूर शेणखत घालतो आणि प्रत्येक कापणीनंतर युरिया मोजून देतो, हे मला माहीत होतं. पुढच्या कापणीनंतर मी कोणाला न सांगता त्याच्या तिप्पट युरिया फेकला. महिनाभरात माझं गवत त्याच्यापेक्षा हातभर उंच झालं, काळपट हिरवं. एका सकाळी मी त्याला मुद्दाम बघायला बोलावलं. त्याने गवताचं एक ताट पिळलं, तसं बोटांवरून पाणी ओघळलं; जास्तीच्या युरियाने ते नुसतं फुगलं होतं. “भाऊ, उंची ते बरी शे,” तो म्हणाला, “पन म्हशीले इचारं का?” मग त्याने दोन्हीकडची एकेक पेंढी माझ्याच म्हशीपुढे टाकली. तिने माझी हुंगली, फुर्र केलं आणि त्याची बुडख्यापर्यंत खाल्ली. आता मीही शेणखत घालतो, युरिया मोजून देतो, आणि म्हैस माझं गवत मुकाट खाते. तरी कापणीच्या दिवशी माझी नजर आधी बांधापलीकडे जाते, आणि त्याचं गवत बोटभर जरी उंच दिसलं तरी माझा सगळा दिवस कडू होतो.